एका ट्रान्झिस्टरचा कालनिर्णय

गेल्या दिवाळीच्या सुटींत संगमेश्वराकडील आमच्या मूळ घरीं गेलों असतां गांवच्या शाळेचे मुख्याध्यापक भेटावयास आले. शाळेच्या वर्धापनदिनानिमित्त गांवांतील जुन्या वस्तूंचें प्रदर्शन भरविण्याचा त्यांचा मानस होता. आमच्या माजघरांतील फडताळांत कातडी पिशवींत घालून ठेवलेला रेडिओ त्यांना त्यासाठीं हवा होता. आणि त्याच्याखालीं लावावयाच्या चिठ्ठीचा मजकूरहि त्यांनीं तयार करूनच आणला होता. 'ह्याच जपानी ट्रान्झिस्टरवर ता. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गांवकर्‍यांनीं गोवामुक्तीची वार्ता ऐकली', असा तो मजकूर. मी इतिहासाचा अध्यापक. तेव्हां त्यावरून माझी नजर फिरावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. मीं चिठ्ठी खिशांत घातली व थोडी मुदत मागून घेतली.

त्या चिठ्ठींतील प्रत्येक शब्द मीं लहानपणापासून ऐकलेला होता. मूळ आधार माझी थोरली आत्या. ती आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, आणि तिची स्मरणशक्ति आमच्या घराण्यांत अद्याप कोणी आव्हान दिलेली गोष्ट नव्हे. ती सांगते ती हकीकत अशी. डिसेंबरांतील कडाक्याची थंडी (कोंकणांत कडाक्याची म्हणजे किती, हें वाचकांनीं समजून घ्यावें). अंगणांत अंथरलेल्या घोंगड्या. तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर आजोबांनीं आणून ठेवलेला ट्रान्झिस्टर. भोंवतीं वाडींतील चाळीसपन्नास माणसें. मधूनमधून येणारी खरखर. आणि अखेर बातमी ऐकून आजीच्या डोळ्यांना लागलेली धार. ही धार आनंदाची होती, असें आत्या दर वेळीं न चुकतां सांगते. जपानी यंत्र आमच्या घरीं आलें कोठून, तर आजोबांचे एक मावसभाऊ बोटीवर नोकरीस होते, त्यांनीं तें आणून दिलें.

हकीकत सुंदर आहे. आणि सुंदर हकीकतींची आम्हां इतिहासवाल्यांना थोडी धास्तीच वाटते. १८९८ सालीं राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून बखर कितीहि रसाळ असली तरी अस्सल कागदापुढें तिनें हात जोडून उभें राहावें, असें शिक्षण आम्हांस मिळत आलें आहे. ह्याच रत्नागिरींत जन्मलेल्या लोकमान्यांनीं १९१६ सालीं जेधे शकावली उजेडांत आणली. तिच्या एका त्रोटक नोंदीनें शिवछत्रपतींचें जन्मवर्ष १६२७ वरून हालविलें, आणि शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथि पुढें आली. महाराष्ट्र शासनानें ती तारीख स्वीकारली तेव्हां २००१ साल उजाडलें होतें. फडताळांतल्या एका रेडिओसाठीं इतक्या थोर दाखल्याची गरज नव्हती, हें खरें. परंतु मार्ग तोच आहे. वस्तु काय सांगते, कागद काय सांगतो, आणि माणूस काय सांगतो, हीं तीन्ही आधीं वेगवेगळीं ऐकावयाचीं.

गोव्याच्या बातमीसाठीं आमची वाडी जमली असेल, ह्याविषयीं मला मुळींच शंका नव्हती. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ सालीं. तत्पूर्वीं रत्नागिरी जिल्ह्याची दक्षिण सीमा गोव्यासच भिडलेली होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं बांद्यावरून पत्रादेवीकडे गेलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनीं गोळ्या झाडल्या, ही ह्या जिल्ह्याच्या वेशीवरची घटना. त्याच वर्षीं २५ नोव्हेंबरास आंबोलीच्या जंगलांतून एक गुप्त नभोवाणी बोलूं लागली. वामन सरदेसाई व लिबिया लोबो ह्यांनीं चालविलेलें हें केंद्र पुढें कॅसलरॉकच्या रानांत गेलें, आणि कोंकणी व पोर्तुगीज भाषांतून १९६१ च्या डिसेंबरापर्यंत शत्रूच्या कानांत बोलत राहिलें. १८ डिसेंबरास भारतीय विमानांनीं बांबोळीचें पोर्तुगीज बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केलें; १९ तारखेच्या संध्याकाळीं गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आला. ह्या दोन दिवसांत कोंकणांत ज्याच्या घरीं रेडिओ होता, त्याची ओटी रिकामी राहिली असण्याचा संभव नाहीं. प्रश्न एवढाच कीं तो रेडिओ हाच काय?

येथें शब्दाचा एक घोंटाळा आधीं दूर केला पाहिजे. ट्रान्झिस्टर हें वस्तुतः रेडिओचें नांव नव्हे. आंतल्या एका चिमुकल्या घटकाचें तें नांव. अंशानें संपूर्णाचें नांव बळकावलें, इतकेंच. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन ह्यांनीं १९४७ च्या डिसेंबरांत हा घटक प्रथम चालवून दाखविला, आणि त्याबद्दल शॉक्लीसह तिघांना १९५६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यापूर्वीं ध्वनिलहरी मोठी करण्याचें काम कांचेचे व्हॉल्व्ह करीत. व्हॉल्व्हची तार तापल्याखेरीज तो काम करीत नाहीं, आणि तिला तापविण्यांतच पुष्कळशी वीज खर्ची पडते. शिवाय त्यास उच्च दाबाची वीज निराळी लागते. ज्या घरीं वीज नाहीं, तेथें व्हॉल्व्हचा रेडिओ चालवावयाचा तर विटेएवढी नव्वद व्होल्टची कोरडी बॅटरी आणि जोडीला दीड व्होल्टची दुसरी, असा संसार करावा लागे. ट्रान्झिस्टरला हें तापणेंहि नको व तो दाबहि नको. टॉर्चचे चार सेल, म्हणजे सहा व्होल्ट, त्याला पुरतात.

पहिला बाजारी ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेंत १८ ऑक्टोबर १९५४ रोजीं जाहीर झाला. रीजन्सी कंपनीच्या त्या यंत्रांत अवघे चार ट्रान्झिस्टर होते व किंमत ४९ डॉलर ९५ सेंट होती. पुढल्याच वर्षीं टोकिओच्या एका छोट्या कारखान्यानें आपला रेडिओ काढला. तोच कारखाना पुढें सोनी ह्या नांवानें जगास माहीत झाला. तेव्हां १९६१ सालीं जपानी ट्रान्झिस्टर असणें अशक्य नव्हतें. परदेशी मालाच्या आयातीवर त्या काळीं आपल्याकडे कडक निर्बंध होते, तरी बोटीवरच्या माणसांबरोबर अशा वस्तु कोंकणच्या किनार्‍यास लागत, हेंहि सर्वश्रुत आहे. सारांश, आत्याच्या हकीकतींत वरकरणीं विसंगत असें कांहींच नव्हतें.

मग मीं तो रेडिओ रत्नागिरीस आणला व बाजारपेठेंतील एका वृद्ध कारागिराच्या पुढ्यांत ठेवला. त्यांचा जन्म ह्या यंत्रांच्या दुरुस्तींत गेला. हल्लीं त्यांच्याकडे गिर्‍हाईक फारसें नसतें. ह्या निमित्तानें त्यांची दुपारहि आनंदांत गेली, असें मला वाटलें.

बाहेरून पाहिलें तर यंत्र जवळजवळ मुकें होतें. नांवाची धातूची पट्टी केव्हांच गळून पडलेली. मागचा कागद झुरळांनीं खाल्लेला. कांट्याच्या पट्टीवर मीडियम व शॉर्ट अशा दोन लहरी आणि आंकड्यांपुढें 'केसी', म्हणजे किलोसायकल, हीं अक्षरें. सायकलच्या जागीं हर्ट्झ हें नांव आंतरराष्ट्रीय परिषदेनें १९६० सालीं स्वीकारलें, परंतु कारखान्यांच्या अंगवळणीं पडावयास त्याला दहाएक वर्षें लागलीं. म्हणून ह्या अक्षरांवरून यंत्र सुमारें १९७० च्या अलीकडचें नसावें, एवढाच तर्क निघतो. अमेरिकेंत विकल्या जाणार्‍या १९६३ पर्यंतच्या रेडिओंवर ६४० व १२४० ह्या आंकड्यांशीं लहानसे त्रिकोण छापलेले असत. युद्धप्रसंगीं सरकारी सूचना तेथें ऐकावयाच्या, अशी ती योजना होती, आणि जपानहून तिकडे जाणार्‍या मालावरहि ते त्रिकोण असत. आमच्या पट्टीवर ते नाहींत. मीडियम लहरीवर ११४३ च्या आसपास मात्र शाईची एक बारीक रेघ आहे. ती माझ्या काकांच्या हातची. रत्नागिरीचें आकाशवाणी केंद्र १९७७ सालीं सुरू झालें, त्याची ती खूण. पोथीच्या समासांतील टीप जशी पोथीचा काळ सांगत नाहीं, तशीच ही रेघ. परंतु मीं सातआठ वर्षांचा असतांना ती ओढली जात असलेली पाहिली आहे, म्हणून तिचा येथें उल्लेख केल्यावांचून राहवलें नाहीं.

मागचें झांकण निघाल्यावर पहिली गोष्ट दिसली ती अशी, कीं घरच्या सांगण्याप्रमाणें यंत्र जपानी नाहीं. झांकणाच्या आंतल्या अंगास, ओतकामांतच उठलेलें, मर्फी हें नांव आहे. मर्फी ही मूळची इंग्लंडची कंपनी. फ्रँक मर्फी व पॉवर ह्यांनीं १९२९ सालीं ती काढली, आणि आपल्याकडे तिचा माल ठाण्याच्या कारखान्यांत तयार होई. तिच्या जाहिरातींतील गोंडस मूल माझ्या पिढीच्याहि चांगल्या परिचयाचें आहे. तेव्हां बोटीवरचे मावसभाऊ येथेंच बाद झाले. त्यांनीं कांहींतरी आणलें असेलच. पण हें नव्हे.

खरी साक्ष ट्रान्झिस्टरांनीं दिली. युरोपीय पद्धतीच्या ट्रान्झिस्टरांच्या अंगावर जीं अक्षरें असतात, त्यांना अर्थ असतो. पहिल्या पिढीचीं नांवें 'ओसी'नें सुरू होतात. त्यांतील 'ओ' म्हणजे शून्य; तापविण्याची तार नाहीं, असें सांगण्याची व्हॉल्व्हच्या काळांतली ती रीत. ओसी ७१ हा ह्या पिढीचा प्रसिद्ध पुरुष. त्याची कांचेची कुपी काळ्या रंगानें माखलेली असे. मौज अशी, कीं तो रंग खरवडला तर उजेड आंत शिरून ट्रान्झिस्टरचें वागणें बदले, आणि हाच गुण हेरून कारखान्यानें उजेड ओळखणारा एक निराळा प्रकारहि विक्रीस काढला होता. १९६० च्या सुमारास ही नामपद्धति बदलली. नव्या नांवांत पहिलें अक्षर धातूचें : 'ए' असेल तर जर्मेनियम, 'बी' असेल तर सिलिकॉन. दुसरें कामाचें : 'सी' श्राव्य लहरींसाठीं, 'एफ' उच्च लहरींसाठीं. आमच्या यंत्रांत पुढल्या भागांत एएफ ११५ व एएफ ११७, आणि स्पीकरच्या बाजूस एसी १२६ व एसी १२८ ची जोडी आहे. ओसी एकहि नाहीं, तसाच सिलिकॉनचा एकहि नाहीं. आणि त्या पत्र्याच्या टोप्यांवर बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची मुद्रा आहे.

ह्या मुद्रेपाशीं आमचें काम थांबलें, कारण तारीख तेथेंच लपलेली होती. भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना १९५४ ची. तेथें रेडिओचे व्हॉल्व्ह १९६१ पासून होऊं लागले, आणि जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर १९६२ पासून. म्हणजे ज्या दिवशीं गोवा मुक्त झाला, त्या दिवशीं हे ट्रान्झिस्टर जन्मलेलेच नव्हते. आतां, जुना ट्रान्झिस्टर जळून त्या जागीं मागाहून नवा बसविला गेला असेल, ही शंका कोणीहि घेईल, मींहि घेतली. कारागिरांनीं भिंग माझ्या हातीं दिलें व पाटीची तांब्याकडील बाजू दाखविली. कारखान्यांतील कथलाचा डाख एकसारखा, चमकदार, थेंब थेंब मोजून दिल्यासारखा असतो. मागाहून दिलेल्या डाखाभोंवतीं राळ जळून तपकिरी डाग पडतो. असा डाग एकाच एसी १२८ च्या पायांशीं होता. बाकीचे सारे मूळचे. ह्याउपर त्यांनीं स्पीकर सोडवून उलटा केला, तों चुंबकाच्या पाठीवर जांभळ्या शाईचा पुसट शिक्का निघाला : जानेवारी १९६७.

वस्तूचें बोलणें संपलें होतें. राहिला कागद. आमच्या आजोबांनीं कोणताहि कागद कधीं फाडला नाहीं. ह्या संवयीबद्दल आजी त्यांना जन्मभर बोलत आली, आणि मी जन्मभर त्यांचा ऋणी राहीन. ज्यांना तो काळ माहीत नाहीं त्यांच्यासाठीं सांगावयास हवें, कीं १९३३ च्या बिनतारी कायद्यानुसार रेडिओ बाळगावयास परवाना लागे. पोस्टांत वर्षाचे वर्षाला पैसे भरून तो नवा करून घ्यावा लागे, आणि १९८० नंतरच्या दशकांत ही पद्धति बंद होईपर्यंत लाखो घरांतून ह्या परवान्याची पुस्तिका देवघराच्या आसपास सांपडे. आमच्याकडील दोन पुस्तिका सुतळीनें बांधून भाड्याच्या पावत्यांच्या ट्रंकेंत ठेवलेल्या होत्या. पहिलीवर देवरुख पोस्टाचा १९५८ चा गोल शिक्का व यंत्राच्या वर्णनांत 'चार व्हॉल्व्ह, कोरडी बॅटरी' असे शब्द. पुढें वर्षामागून वर्ष शिक्के पडत गेलेले. १९६१ आहे, १९६२ आहे, चिनी आक्रमणाचें तें वर्षहि तसेंच गेलें. जून १९६७ मध्यें मात्र ते शब्द एका रेघेनें खोडून कोणा पोस्टमास्तरानें लाल शाईंत 'ट्रान्झिस्टर' असें लिहिलें आहे, आणि खालीं आजोबांची सही.

तेव्हां आमच्या घरीं दोन रेडिओ होऊन गेले. गोव्याची बातमी पहिल्यावर ऐकली. तो बॅटर्‍या महाग पडतात म्हणून, किंवा नव्याच्या किंमतींत वळता झाला म्हणून, घरांतून गेला. जो उरला त्याच्याकडे पहिल्याच्या आठवणी वारसाहक्कानें चालत आल्या.

परंतु एवढ्यानें माझें समाधान होईना. आत्याची हकीकत केवळ चुकीची म्हणून बाजूस ठेवावी, असें मन घेईना. कारण तींतील तपशील बनावट माणसाचे नव्हते. पुन्हां पुन्हां ती आठवीत असतां एका शब्दापाशीं मी अडखळलों. अंगण. व्हॉल्व्हचा तो रेडिओ अंगणांत आणला कसा? त्याला दोन बॅटर्‍या जोडलेल्या, आणि वर कौलांवरून नारळीच्या झाडापर्यंत ताणलेली एरियलची तार. असा रेडिओ ओटीवरील फळीवरून हालत नसे. ऐकणारांनींच त्याच्याकडे जावयाचें. तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन बसला तो ट्रान्झिस्टरच असला पाहिजे. म्हणजे १९६७ च्या जूननंतरचा प्रसंग असला पाहिजे. तशांत आत्याचें लग्न १९६८ च्या वैशाखांत झालें व ती पुण्यास गेली. मध्यें डिसेंबर एकच उरतो.

त्या डिसेंबरांत, ११ तारखेस, पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर कोयनानगर जमीनदोस्त झालें, सुमारें १८० माणसें दगावलीं, आणि धक्का मुंबई-गोव्यापर्यंत पोंचला. संगमेश्वर तालुका तर घाटाच्या पायथ्याशींच. सारें गांव काळोखांत घराबाहेर पडलें, आणि नंतरहि धक्के थांबेनात म्हणून कित्येकांनीं रात्री अंगणांतच काढल्या. आमच्याच जिल्ह्यांत पोफळीस तयार होणारी कोयनेची वीज मुंबईच्या गिरण्यांना जात असे. आमच्या वाडींत अजून कंदीलच होते. त्यामुळें बातमी कळावयाची ती सेलवर चालणार्‍या ह्या पेटींतूनच. आणि आजीचा धाकटा भाऊ तेव्हां कोयनानगरास नोकरीस होता.

हें सारें आत्याला सांगावें कीं सांगूं नये, ह्याचा विचार मीं दोन दिवस केला. साठ वर्षें जिनें एक गोष्ट जपली तिच्यासमोर परवान्याची पुस्तिका धरावयाची, ही कांहीं फार शौर्याची गोष्ट नव्हे. शेवटीं मीं पुस्तिका दाखविलीच नाहीं. सहज विचारल्यासारखें करून म्हटलें, "आत्या, तुझ्या लग्नाआधीं घरीं जुना रेडिओ होता ना, त्याची तार कुठपर्यंत गेली होती?"

"नारळीपर्यंत," ती लगेच म्हणाली. "गोव्याची बातमी लागली तेव्हां त्या तारेला कुणाचा तरी हात लागला आणि आवाजच गेला. ओटीवर ही गर्दी! भाऊ किती ओरडले होते सगळ्यांना." भाऊ म्हणजे माझे आजोबा.

एवढें बोलून ती थांबली. ओटी आणि अंगण ह्यांची गांठ तिची तिलाच पडली असावी. बर्‍याच वेळानें ती म्हणाली, "मग अंगणांत आई रडत होती ती मामासाठीं रे. तिसर्‍या दिवशीं त्याचं कार्ड आलं, खुशाल आहे म्हणून. तोंवर चूल पेटली नव्हती."

चिठ्ठीचा नवा मजकूर मीं मुख्याध्यापकांकडे पाठविला तो असा : 'मर्फी ट्रान्झिस्टर, ठाणें, १९६७. ह्यावर गांवानें कोयनेच्या भूकंपाची वार्ता ऐकली.' गोव्याचें नांव गेल्यानें ते थोडे हिरमुसले, असें मला त्यांच्या आवाजावरून वाटलें. म्हणून १९५८ ची पुस्तिकाहि मीं त्यांच्या स्वाधीन केली आहे, आणि ती व्हॉल्व्हच्या नोंदीच्या पानाशीं उघडी ठेवावी, अशी विनंति केली आहे. आत्या प्रदर्शनास जाणार आहे. त्या नारळीचा बुंधा अजून उभा आहे का, तें आधीं पाहून ये, असा तिचा मला निरोप आहे.